पहिलीतल्या मुलाला वाचायचं कशासाठी असतं?

माणदेशी_बाई (धागाकर्ती)

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात बालसाक्षरतेचा अभ्यास करणाऱ्या दोघी जणी दोन दिवस माझ्या वर्गात येऊन बसल्या. तपासणीला नाही, नुसतं बघायला आणि बोलायला.

पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा पाठ घेतला. मुळाक्षरं म्हणून घेतली, चौदाखडी झाली, मग फळ्यावरचे दहा शब्द मुलांनी वहीत उतरवले. वर्ग अगदी शांत. मला बरं वाटलं. मधल्या सुट्टीत त्यांतल्या एकींनी विचारलं, "बाई, वाचायचं कशासाठी, हे या मुलांना ठाऊक आहे का हो?" मी पाठ्यपुस्तक, पुढची इयत्ता असं काहीतरी बोलले. सुट्टीनंतर त्यांनी मुलांनाच विचारलं. कुणी म्हणालं, पास व्हायला. कुणी म्हणालं, साहेब आले की दाखवायला. मेंढरांमागं जाणाऱ्या घरातली एक पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या घरी वाचायचं कायच न्हाई."

मी त्या रात्री नीट झोपले नाही. खरंच, त्या घरात लग्नपत्रिका आणि औषधाचं खोकं सोडलं तर छापील कागद नाही. आणि मी तिला रोज "क" गिरवायला लावतेय.

दोन दिवस आमचं खूप बोलणं झालं. मुळाक्षरं आधी की शब्द आधी, ऐकण्याबोलण्याला वेळ किती द्यायचा, चुकलेलं लिखाण लगेच दुरुस्त करायचं का. त्यांचं सगळंच पटलं असं नाही. म्हणून इथं विचारते. तुम्ही वाचायला कसे शिकलात, तुमची मुलं कशी शिकली? या विषयातल्या कुणा जाणकाराशी बोलला असाल तर ते काय म्हणाले? मला जूनपासून वर्गात काहीतरी बदलायचं आहे.

अंकलिपी

बाई, तुमच्या त्या मुलीचं वाक्य वाचून पोटात कालवलं.

माझं उत्तर सरळ आहे. मी वाचायला शिकले ती आजीच्या मांडीवर. ती हरिपाठाची पोथी वाचायची आणि ओळीखालून बोट फिरवायची. मला अक्षरं येत नव्हती, पण बोट कुठं आलं की "हरि मुखें म्हणा" येतं ते माहीत होतं. शाळेत गेल्यावर "ह" बघितला तेव्हा तो ओळखीचा निघाला.

जुना_खडू

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. जरा स्पष्ट लिहितो.

दर दहा वर्षांनी कुणीतरी येऊन सांगतं की बाराखडी वाईट. मग नवं पुस्तक येतं, चित्रं येतात, गाणी येतात, आणि तिसरीतल्या पोराला "कृष्ण" लिहिता येत नाही. बाराखडीला एक लय आहे. क का कि की म्हणताना मुलाच्या तोंडाला वळण पडतं. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी पंचावन्न दिवाळीपर्यंत "कमल नमन कर" घडाघडा वाचायची. कशासाठी वाचायचं हा प्रश्न मोठा झाल्यावर पडतो. लहानपणी हात आणि डोळा तयार करायचा.

बाईंच्या तळमळीबद्दल आदर आहे. पण वर्ग शांत होता यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

ताडगोळा

खडूसर, उरलेल्या पाचांचं काय झालं?

जुना_खडू

प्रश्न बरोबर आहे. त्यातले दोन शाळा सोडून गेले. त्यांची नावं मला अजून आठवतात.

सोनचाफा

मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. वाचायला शिकताना मराठीत नेमकी अडचण कुठं येते यावर आमच्या विभागात बरीच चर्चा व्हायची, त्यातलं थोडं लिहिते.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सव्वीस आकृत्या. आपल्याकडं पस्तीसेक व्यंजनांना बारा खुणा लावल्या तरी चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कानडी मुलांवर केलेलं काम या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. २००७ मधल्या त्यांच्या लेखात दिसतं की अक्षरांचा सगळा संच हातात यायला मुलांना चौथीपर्यंत, काहींना त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणजे "पहिलीत सगळी अक्षरं आलीच पाहिजेत" हा आपला हट्ट लिपीच्या स्वभावाविरुद्ध आहे.

दुसरं, आपली लिपी उच्चाराच्या क्रमानं चालत नाही. "दिवस"मधली वेलांटी द च्या आधी काढायची आणि नंतर म्हणायची. "सूर्य"मधला र उच्चारात य च्या आधी, पण कागदावर य च्या डोक्यावर. मुलाच्या डोळ्याला पुढं जाऊन मागं यावं लागतं. मूल चुकतं तेव्हा बहुतेक वेळा ते कानाला इमानदार राहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. फळ्यावर "सरबत" लिहा. मुलाला चारही अक्षरं येतात. ते म्हणतं, स, र, ब, त. पण आपण बोलताना सर्-बत् म्हणतो, र मधला आणि त मधला अ गळून जातो. अक्षरं जोडून तोंडात येतं ते शब्दाचं कच्चं रूप. तिथून "सरबत" या खऱ्या शब्दावर उडी मारायला तो शब्द आधी कानावरून गेलेला हवा. सरबत प्यायलेलं मूल उडी मारतं. जे प्यायलेलं नाही ते काठावर उभं राहतं, आणि आपण म्हणतो याला वाचता येत नाही.

च आणि ज चं तसंच. "जग" ही अक्षरं बघून कळत नाही की दुनिया म्हणायचंय की "जगत राहा". वाक्य कळलं तर उच्चार कळतो.

अंकलिपी

सोनचाफा, "जग" मी मोठ्यानं दोनदा म्हणून बघितलं. पन्नाशीला आले, हे कधी लक्षात आलं नव्हतं!

खारीचा_वाटा

वाचतेय. शेजारच्या खोलीतून नवरा विचारतोय, कुणाशी "जग जग" म्हणून भांडतेस.

हिमवाट

सोनचाफा यांच्या सरबताला माझ्याकडून दुसरी बाजू.

मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमची मुलं सात-आठ वर्षांची, इंग्रजी वाचन पक्कं. अक्षर-ध्वनीची जोडी म्हणजे काय हे त्यांना आधीच माहीत, त्यामुळे देवनागरी ती चटकन उचलतात. एका वर्षात धडा खडखड वाचतात, आईबाबा फोनवर चित्रीकरण करतात, आजी तिकडं नाशिकला रडते. आणि मग मी विचारते, "विहिरीवर कोण गेलं?" कुणालाच माहीत नाही. विहीर म्हणजे काय तेही माहीत नाही. एकानं तर "स-र-ब-त" अशी चार अक्षरं इतकी स्वच्छ वाचली की मीच दोन क्षण बुचकळ्यात पडले.

बाईंच्या वर्गात भाषा आहे, अक्षर नाही. माझ्या वर्गात अक्षर आहे, भाषा नाही. आम्ही आता पहिली वीस मिनिटं पुस्तकच उघडत नाही. आजीआजोबा भारतातून आलेले असले की त्यांना बोलावतो, ते मुलांशी नुसतं बोलतात. पोह्यात काय घालतात इथपासून काहीही. दोन वर्षांत फरक पडला. मुलं आता वाचताना मध्येच हसतात, म्हणजे कळतंय.

ताडगोळा

मी पालघर जिल्ह्यात वारली पाड्यांवर काम करतो. सरबताची उडी आमच्या मुलांना रोज, दर शब्दाला मारावी लागते. घरची बोली वारली, पुस्तकाची मराठी वेगळी. अक्षरं जोडून आलेला शब्द कानानं कधी ऐकलेलाच नसतो.

या भागात या प्रश्नावर जुनं काम आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सोबत अनुताई वाघ. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखतात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. घोकंपट्टीची पुस्तकं बाजूला ठेवून पानं, बिया, शंख, मुलांची गाणी यांच्यापासून सुरुवात. बाई, तुमच्या मेंढपाळांच्या वस्तीसाठी ही गोष्ट मुद्दाम सांगतोय.

अलीकडचं सांगायचं तर वाड्याजवळ सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था २००७ पासून आहे. नीलेश निमकर आणि त्यांचे सहकारी. त्यांच्या भागात, वाडा तालुक्यात मराठीसाठी आणि कर्नाटकात यादगीरला कानडीसाठी एक दीर्घ अभ्यास झाला. शैलजा मेनन आणि इतर संशोधकांनी मुलांचा पहिली ते तिसरी असा माग काढला. एका परीक्षेचे गुण घेऊन निघून जाणं वेगळं आणि तीच मुलं वर्षानुवर्षं बघणं वेगळं. त्यातून जे पुढं आलं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वर्गातला बराच वेळ गिरवण्यात आणि उतरवून काढण्यात जातो. मुलांनी स्वतःच्या मनातलं लिहिण्याला जागाच नसते. तिसरी संपत आली तरी बऱ्याच मुलांना छोटा उतारा समजून वाचता येत नाही.

आणि हो, "गोष्टरंग" बघायला मिळालं तर चुकवू नका. नट मंडळी आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी रंगवून दाखवतात. आमच्या शाळेत प्रयोग झाला आणि संध्याकाळी त्या एका पुस्तकासाठी मुलांत ओढाताण झाली. पान फाटलं. मुख्याध्यापक चिडले, पण मला तर आनंद झाला.

कोकमसार

गोव्यातून. आमच्या शेजारची मुलगी कोंकणी घरातली, मराठी शाळेत. पुस्तकात तांब्याचं चित्र, खाली "पाणी". ती ठामपणे वाचते, "उदक". बाई म्हणतात चूक. मला तर ती पोर हुशार वाटली. चित्र बघितलं, अर्थ लावला, घरचा शब्द उच्चारला. फक्त अक्षराकडं लक्ष दिलं नाही.

उलटी_पाटी

कोकमसार, इथंच मी थोडा अडखळतो. माझ्या मुलानं नेमकं हेच केलं, पण पाच वर्षं.

त्याच्या शाळेत सगळं आनंददायी होतं. गोष्टी, पुस्तकांचा कोपरा, चित्रं. बाई प्रेमळ. सांगायच्या की घाई करू नका, पुस्तकांत वाढवा, वाचन आपोआप येईल. घरात पुस्तकांची भिंत होती. तो चित्र बघून, पहिलं अक्षर बघून, उरलेलं अंदाजानं म्हणायचा. गोष्टी तोंडपाठ असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथीत अनोळखी उतारा समोर आला आणि पोरगं कोसळलं. घ आणि ध, भ आणि म यांत त्याला फरकच पकडता येत नव्हता. रडत म्हणाला, "बाबा, बाकीच्यांना अक्षरं उभी दिसतात का?"

मग आम्ही वाचन-अक्षमतेवर काम करणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडं गेलो. त्यांचं एक बोलणं मी भिंतीवर लिहून ठेवलंय. बोलणं माणसाला निसर्गानं दिलं आहे, लिहिणं माणसानं शोधून काढलं आहे, त्यामुळे लिहिलेलं वाचणं कुणीतरी शिकवावंच लागतं. काही मुलं इशाऱ्यावर शिकतात, काहींना प्रत्येक पायरी हात धरून चढवावी लागते. त्यांनी दीड वर्ष ध्वनी तोडणं, ध्वनी जोडणं, एकेक काना-मात्रा वाळूत बोटानं काढणं असं करून घेतलं. आज तो दहावीला आहे. हळू वाचतो, पण वाचतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमता आहे, त्यामुळे परीक्षेत जास्तीचा वेळही मिळतो.

अमेरिकेत या भांडणाला वाचनयुद्ध म्हणतात. १९६७ मध्ये केनेथ गुडमन यांनी मांडलं की वाचन म्हणजे अर्थाच्या आधारानं केलेला अंदाजाचा खेळ. त्या विचारावर पिढ्या शिकल्या. पुढच्या संशोधनात दिसलं की चांगला वाचक अंदाज करत नाही, तो शब्द नीट बघतो. अंदाज करतो तो अडलेला वाचक. आपण तिकडची चूक इकडं आणू नये, एवढीच विनंती. खडूसरांच्या बाराखडीतली शिस्त मला हवी आहे.

जुना_खडू

उलटी_पाटी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

पण मी प्रामाणिकपणे सांगतो, असं मूल माझ्या वर्गात असतं तर बाराखडीनंही त्याचं भलं झालं नसतं. मी त्याला अजून दहा वेळा म्हणायला लावलं असतं. तुमच्या बाईंनी केलं ते वेगळं आहे. त्यांनी ध्वनी ऐकायला शिकवलं. आम्ही ध्वनी म्हणायला शिकवत होतो. त्या सोडून गेलेल्या दोघांतला एक घ ला नेहमी ध म्हणायचा.

माणदेशी_बाई

किती भरभरून लिहिताय सगळे. रात्री दिवा मालवायच्या आधी एकेक प्रतिसाद वहीत टिपून घेतेय.

उलटी_पाटी, माझ्या वर्गात आलेल्या ताईही हेच म्हणत होत्या की अक्षर शिकवणं सोडायचं नाही. त्यांचं म्हणणं क्रमाबद्दल होतं. अ पासून ज्ञ पर्यंत जायचं ठरवलं तर पहिला कामाचा शब्द बनायला महिने जातात. त्यापेक्षा मुलांच्या बोलण्यात सतत येणारी सात-आठ अक्षरं आणि एक-दोन खुणा एकदम घ्यायच्या, म्हणजे त्याच आठवड्यात त्यांतून शब्द, त्या शब्दांतून वाक्य. "आई" घेतलं की पहिल्याच दिवशी वाचायला माणूस मिळतो.

फलटणची_मी

बाई, हे तर आमच्या घरचं!

डॉ. मॅक्सीन बर्नसन यांचं नाव इथं यायलाच हवं. मूळच्या अमेरिकेतल्या. फलटणच्या मराठी बोलीत जातीपातीनुसार, शिक्षणानुसार कसा फरक पडतो यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच.डी. केली. हा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की शाळेतून गळालेल्या दलित वस्तीतल्या मुलांना कुणी धड वाचायलाच शिकवलेलं नाही. १९७८ मध्ये त्यांनी वस्तीत वर्ग सुरू केले. त्याच वर्षी भारताचं नागरिकत्व घेतलं. पुढं १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. भाषेचा अभ्यास करायला आलेली बाई पाटी-पेन्सिल घेऊन पोरांत बसली, ही गोष्ट मला कायम हलवते.

मी त्या परिसरात शिक्षिका होते. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली ती अशी: मूल जी बोली बोलतं ती चुकीची नाही. "न्हाई" म्हणणारं मूल "नाही" वाचायला शिकेल, पण "न्हाई"बद्दल त्याची मान खाली गेली तर ते शाळेतच येणार नाही. तुमची ती मुलगी "कायच न्हाई" म्हणाली ना, तेच फळ्यावर लिहा. तिचं वाक्य, तिच्या शब्दांत. ती ते वाचेल बघा.

जुना_खडू

फळ्यावर "न्हाई" लिहायचं? शिक्षकानं? फळ्यावर लिहिलेलं मुलाला प्रमाण वाटतं. इथं मी ठाम असहमत.

सोनचाफा

सर, तळाशी "नाही" पण लिहा. मूल दोन्ही बघेल. एकाच गोष्टीची दोन रूपं असतात हे सहा वर्षांच्या मुलाला समजतं. ते आजीशी एक बोलतं, बाईंशी दुसरं बोलतं, रोज.

अवांतर: आपले पूर्वज तर याहून अवघड करत होते. धूळपाटीवर पहिला धडा "ओनामासीधं". मुळात "ॐ नमः सिद्धम्", कातंत्र या संस्कृत व्याकरणाच्या परंपरेतून आलेलं. घासून घासून ओनामासीधं झालं, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी अर्थ माहीत नसताना घोकलं. त्यातूनच "एखाद्या गोष्टीचा ओनामा" हा शब्द आपल्याकडं राहिला. शिकण्याच्या सुरुवातीचा शब्दच न कळलेल्या शब्दापासून बनलाय.

अंकलिपी

ओनामाचा हा उगम माहीत नव्हता. आमच्याकडं दसऱ्याला पाटीवर एक आकड्यांची सरस्वती काढून मुलाला "श्री" गिरवायला लावायचे. मला त्या पाटीचा वास अजून येतो, ओल्या फडक्याचा.

खारीचा_वाटा

आणि थुंकी लावून पुसणारे आम्ही. हात वर करा.

हिमवाट

हात वर!

कोकमसार

हांवूंय!

मधली_सुट्टी

अंगणवाडी सेविका आहे. मोबाइलवरून लिहिते, चूकभूल द्या घ्या.

अभ्यासक आमच्याकडंही आल्या होत्या. मी मुलांना कोरे कागद दिले आणि म्हटलं काहीही लिहा. पूर्वी मी त्याला रेघोट्या म्हणायचे आणि चुलीत घालायचे. त्या ताईंनी एकेक कागद उचलून मुलाला विचारलं, वाच बरं. आणि मुलं वाचायला लागली! एका पोरानं पानभर गोल काढले होते, म्हणाला, "हे बाबाला चिठी. लवकर ये, ऊसतोड बास."

दुसरा एक. मी "साप" आणि "मुंगळा" लिहून दाखवलं, कोणता शब्द कोणता ओळख म्हटलं. त्यानं मोठा शब्द साप म्हणून दाखवला. मी चूक म्हणणार, तोवर तो म्हणाला, "साप एवढा लांब, त्याचं नाव एवढंसं कसं आसल?" ताई इतक्या खुश झाल्या. म्हणाल्या, एमिलिया फेरेरो नावाच्या बाईंनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांमध्ये हेच बघितलं होतं. मोठ्या प्राण्याचं नाव मोठं असणार असं मुलं धरून चालतात. अक्षर म्हणजे वस्तूचं चित्र नाही, आवाजाचं चित्र आहे, हे मुलाला स्वतःला शोधून काढावं लागतं. त्या फेरेरोबाई बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंच्या विद्यार्थिनी, २०२३ मध्ये वारल्या. कुठं अर्जेंटिना आणि मेक्सिको, कुठं आमची अंगणवाडी. पोरं सारखीच.

तेव्हापासून मी एकही कागद जाळला नाही. पत्र्याची पेटी भरली.

ताडगोळा

मधली_सुट्टी, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. "लवकर ये, ऊसतोड बास." बाईंनी विचारलेल्या "कशासाठी"चं उत्तर त्या गोल काढणाऱ्या मुलाला माहीत होतं.

उलटी_पाटी

+१. आणि बघा, त्याला लिहिण्याचं कारण आधीच सापडलंय, आता फक्त अक्षर हवंय. माझ्या मुलाचंही तेच होतं. कारण होतं, अक्षर नव्हतं. दोन्हींची गाठ घालून देणं हे मोठ्यांचं काम, ते त्याच्यावर सोडू नका.

आकडेमोड

एक वेगळा मुद्दा. "प्रथम" या संस्थेच्या पुढाकारानं होणारी असरची शैक्षणिक पाहणी २००५ पासून चालू आहे. घरोघरी जाऊन प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी पायरीनं वाचायला देतात. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली, २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. कोरोनानंतरची उभारी यात दिसते. पण चारातली तीन मुलं अजूनही अडकलेली आहेत. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं ते २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं म्हणून. असं मोजल्याशिवाय सरकार हलत नाही हेही खरं.

माणदेशी_बाई

आकडेमोड, मोजायला माझी हरकत नाही. एकेकट्या मुलाला जवळ बसवून वाचून घेतलं की मलाच किती कळतं! अडचण पुढं येते. मिनिटाला किती शब्द हे विचारलं की मी मुलांना पळवायला लागते. पळताना ती सरबतावरून सुद्धा "स-र-ब-त" करत निघून जातात. मग मी गोष्ट कधी सांगू? शिक्षण परिषदेत हे बोलले तर सगळ्या बाया माना हलवत होत्या. वेळापत्रकात रोज अर्धा तास "मुलांना मोठ्यानं वाचून दाखवणे" असं लिहून द्या, आम्ही ते आनंदानं करू.

फलटणची_मी

बाई, परिपाठातली दहा मिनिटं वाचून दाखवण्याला वापरा, कुणी अडवणार नाही. पुस्तक उलटं धरून चित्र मुलांकडं आणि अक्षरं आपल्याकडं असं नको. त्यांना शेजारी बसवा, ओळीखाली बोट.

अंकलिपी

आजीचं बोट!

माणदेशी_बाई

तीन आठवडे झाले, शाळा सुरू झाली. धाग्याचं देणं लागते म्हणून आले.

काय केलं ते सांगते. मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या दारावर लावल्या. रोज आल्यावर आपली चिठ्ठी काढून "आलो" असं लिहिलेल्या खोक्यात टाकायची. आठ दिवसांत एकमेकांची नावं वाचायला लागली, भांडायला सुद्धा, कारण दोन समर्थ आहेत आणि आडनावाचं पहिलं अक्षर बघावं लागतं. सात अक्षरं, काना आणि वेलांटी घेतली. ती मात्र रोज, नेमानं, वाळूत आणि पाटीवर. खडूसर, चौदाखडी टाकली नाही. गाण्यासारखी म्हणतो, पण शेवटी, आलेली अक्षरं तीत सापडली की टाळी.

आणि त्या मुलीचं वाक्य फळ्यावर लिहिलं. दोन्ही रूपांत. ती उठली, फळ्याजवळ गेली, "न्हाई"वर हात ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "हे मी म्हनले." मग सगळ्यांना आपलं म्हणणं फळ्यावर हवं झालं. फळा पुरला नाही.

सगळं सुरळीत नाही. चार मुलं अजून नुसती बघत बसतात. एकाच्या बाबतीत मला उलटी_पाटी यांच्या मुलाची शंका येते. त्याला ध्वनी तोडायचे खेळ वेगळे घेतेय, टाळ्या वाजवून. कुणाकडं नेऊ ते कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा.

काल ती मेंढपाळाची मुलगी आली नाही. तिच्या भावाच्या हातात एक चिठ्ठी होती, वहीचं अर्धं पान. न शिकवलेली अक्षरं कुठून तरी उचलली आहेत, दोन ठिकाणी नुसती रेघ आहे. जसं आहे तसं उतरवते:

"बाई मी येनार नाय शेळी येली"

मी ते पान हातात धरून वर्गात उभी होते आणि मुलं विचारत होती, बाई काय झालं.

मधली_सुट्टी

जपून ठेवा बाई. पेटी घ्या पत्र्याची.

हिमवाट

इथं पहाटेचे पाच वाजलेत. रविवारी माझ्या वर्गाला ही चिठ्ठी वाचून दाखवू का? "शेळी येली" समजावायला मला अर्धा तास लागेल, पण तो अर्धा तास मला हवाय.

माणदेशी_बाई

जरूर. तिला विचारलं. म्हणाली, परदेशात शेळ्या असत्यात का ते विचारा.

जुना_खडू

"येनार" मध्ये ण हवा होता. "नाय" आणि "येली" बोलीतले. चौतीस वर्षांच्या सवयीनं हात लाल शाईकडं गेला, आणि मी तो मागं घेतला. चिठ्ठी पोचली, निरोप कळला. ण पुढच्या महिन्यात घ्या.

आणि बाई, किती करडं झाली?

माणदेशी_बाई

दोन, सर. एक पाट, एक बोकड. त्या पाट करडाचं नाव तिनं ठेवलंय, उद्या येऊन फळ्यावर लिहिणार आहे.